तीन कार्डं, तीन फर्मवेअर आणि जिनिंगचा काटा

मामांच्या जिनिंगचं ऑफिस, बाहेर सरकीचा वास, आणि आत लोखंडी टेबलावर जुन्या काटापट्ट्यांच्या गठ्ठ्यावर मांडून ठेवलेली तीन हिरवी कार्डं, सर्व्हरला डिस्क जोडायची. तिन्हीवर सारखाच हीटसिंक, केबल लावायची सारखीच दोन तोंडं, चिपही तीच, एलएसआय कंपनीची सॅस २००८ (सॅस म्हणजे सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत). मामा जवळ आले, चष्मा कपाळावर चढवला, एकेक कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं आणि म्हणाले, "हे तिन्ही तं एकसारखेच दिसून रायले बापा, मंग एकच काऊन चालते?"

प्रश्न बरोबर होता. पहिल्या कार्डाला जोडलेल्या डिस्क लगेच दिसल्या. दुसऱ्याला जोडल्या तर ते डिस्क तशाच्या तशा द्यायलाच तयार नाही, आधी रेड बनवा म्हणे, म्हणजे डिस्क माझ्या ताब्यात द्या, मी त्यांची जुळणी करून वर दाखवतो. तिसऱ्यावर डिस्क दिसत होत्या पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लॉगमध्ये सीआरसी एररची, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या तक्रारींची, रांग लागायची. केबल बदलली, डिस्क बदलली, स्लॉट बदलला, दीड दिवस गेला. शेवटी कळलं की लोखंडात फरकच नव्हता, तिन्ही कार्डांच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, वेगवेगळं होतं. एकात आयटी मोडचं (डिस्क जशी आहे तशी देणारं, पुढे सांगतो) पी२० आणि त्यातली शेवटची आवृत्ती, २०.००.०७.००. दुसऱ्यात रेडवालं. तिसऱ्यात पी२० च, पण सुरुवातीच्या दिवसांतलं, ज्यात गडबड निघाली म्हणून नंतर सुधारून दिलं गेलं.

गेल्या दिवाळीपासून तालुक्यातल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, त्यात एक कृषी केंद्रवाले आहेत, एक पतसंस्थेत काम करणारा मित्र आहे, की तुमच्या जिनिंगमध्ये ते तीन सर्व्हरचं जे लावलं ते आमच्याकडे लावायचं तर काय काय घ्यावं लागेल, यादी दे. यादी देता येते हो, पण नुसती यादी घेऊन नागपूरला सीताबर्डीत गेलात तर तुम्हीही टेबलावर तीन सारखी कार्डं घेऊन बसाल. म्हणून जसं झालं तसं सांगतो.

आधी हे कशासाठी केलं ते. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. दसरा झाला की कापूस सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जिनिंगच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या उभ्या असतात. दोन वर्षांपूर्वी भर सीझनमध्ये काट्याच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. एकच कॉम्प्युटर, एकच डिस्क, बॅकअप पेनड्राइव्हवर आणि तोही अकरा दिवस जुना. काटा तसा वजन दाखवत होता, पण पावती निघेना, आधीच्या अकरा दिवसांत कोणाचे किती क्विंटल आले आणि कोणाला किती उचल दिली ते सगळं मुनीमजींच्या वहीवरून परत उतरवायचं होतं. गाड्या रात्रभर उभ्या राहिल्या. ज्याला कापसातलं माहीत आहे त्याला कळेल, थंडीत रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कापसात ओल धरते, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, हिशेबात ८ टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेली तर कापूस परत. त्या दोन दिवसांत दवानं ज्यांचा माल ओला झाला त्यांचा काही दोष नव्हता. एक म्हातारे काका ओल मोजायच्या मशीनसमोर काही न बोलता उभे होते ते मला आजही दिसतात. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, फोनवर सूचना देत होतो, आणि तेव्हाच ठरवलं की गावात जाऊन हे नीट लावून द्यायचं.

क्लाउडवर का नाही असं लोक विचारतात. बॅकअप क्लाउडवर जातोच, रोज रात्री. पण रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि काटा दोन दिवस थांबत नाही. म्हणून तीन मशीन इथेच, डेटाच्या तीन प्रती तीन मशीनवर, एक मशीन पडलं तर त्यावरच्या व्हीएम, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारे कॉम्प्युटर, दुसऱ्या मशीनवर उठतात. व्हीएम चालवायला त्यावर प्रॉक्समॉक्स आणि साठवणीला सेफ, म्हणजे सी-ई-पी-एच वालं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सगळे उलटं करतात. आधी कुठून तरी स्वस्तात जुना सर्व्हर मिळतो, मग त्यात बसतील त्या डिस्क, मग जे कार्ड आत आहे ते, आणि शेवटी यावर काय टाकायचं याचा विचार. उलट सॉफ्टवेअर आधी ठरवायचं, मग त्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड ओळखून चालवणारा भाग, आहे ते कार्ड, मग त्या ड्रायव्हरशी पटणारं फर्मवेअर, मग त्या कार्डाशी पटणाऱ्या डिस्क, आणि डबा सगळ्यात शेवटी. डब्याला काय, पंखे चांगले आणि स्लॉट पुरेसे असले की झालं.

मी पुण्यात आठ वर्षं व्हीएमवेअरवरच, म्हणजे व्हीएम चालवायच्या विकतच्या सॉफ्टवेअरवर, काम केलं, हात त्यावरच बसलेला होता, त्यामुळे पहिला विचार तोच आला. पण २०२० मध्ये त्यांचं ईएसएक्सआय ७ आलं तेव्हा त्यांनी जुने लिनक्स पद्धतीचे ड्रायव्हर चालवणारा आतला थरच काढून टाकला होता, आणि ज्यांच्या कार्डाला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता त्यांची कालपर्यंत चालणारी कार्डं अपग्रेडनंतर दिसेनाशी झाली, हे मी जवळून पाह्यलं आहे. पुढे ब्रॉडकॉमनं कंपनी घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची आवृत्ती बंद झाली, एप्रिल २०२५ मध्ये परत आली, पण त्या फुकटच्या आवृत्तीत तीन मशीन बांधून क्लस्टर होत नाही. जिनिंगला दरवर्षी लायसन्सचा खर्च झेपणार नव्हता. प्रॉक्समॉक्सच्या खाली डेबियन आहे, लिनक्सच्या कर्नलमध्ये एमपीटी३सॅस नावाचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो आणि तो ही जुनी सॅस २००८ ची कार्डं अजून ओळखतो. माझ्यासाठी तिथेच निर्णय झाला.

पण व्हीएमवेअरकडून एक सवय घेण्यासारखी आहे. त्यांच्या कम्पॅटिबिलिटी गाइडमध्ये कार्डाच्या नावासमोर ड्रायव्हरची आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती दोन्ही लिहिलेल्या असतात, आणि तिन्ही जुळल्या तरच ते कार्ड चालतं असं मानतात. आणि नुसतं यादीत नाव असून भागत नाही हे पण त्याच यादीनं शिकवलं. २०१४ मध्ये व्हीसॅन, त्यांचं सेफसारखं साठवणीचं सॉफ्टवेअर, नवीन होतं तेव्हा डेलचं पर्क एच३१० कार्ड त्या यादीत होतं. लोकांनी घेतलं. रोजचं काम बरं चालायचं, पण एखादं मशीन बंद पडून परत आलं आणि डेटा पुन्हा भरायला सुरुवात झाली की सगळ्या व्हीएम गुदमरायच्या, कारण त्या कार्डाची रांग फक्त २५ ची, म्हणजे एका वेळी २५ कामं घेणार आणि बाकीची दारात उभी. शेवटी ते यादीतून काढलं. आता लक्षात घ्या, त्या कार्डावर चिप हीच, सॅस २००८. त्याच कार्डात आयटी मोडचं फर्मवेअर भरलं की तीच चिप ६०० ची रांग घेते. लोखंड तेच आहे. म्हणून मी विकणाऱ्याला कार्डाचं नाव विचारल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारतो, आत फर्मवेअर कोणतं, आणि त्याला माहीत नसेल तर किमतीत तसं धरतो.

आयटी मोड म्हणजे काय, तर कार्डानं मधे काही शहाणपण करायचं नाही, डिस्क जशी आहे तशी वर द्यायची. सेफला असंच लागतं. कोणती प्रत कुठे, कोणती डिस्क आजारी, हे सगळं सेफ स्वतः बघतं. मधे रेड कार्ड आलं की ते स्वतःच्या कॅशमध्ये डेटा धरून ठेवतं आणि वर सांगतं लिहिलं म्हणून, स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या आरोग्याची देते ती, माहिती लपते, आणि एखादी डिस्क मरायला टेकली तरी आपल्याला उशिरा कळतं. काही रेड कार्डांवर प्रत्येक डिस्कचं वेगळं रेड शून्य करून लोक काम भागवतात. मी ते करू नका असंच सांगेन.

मग ती उरलेली दोन कार्डं फ्लॅश करायला, म्हणजे त्यांत नवं फर्मवेअर भरायला, बसलो. मार्चचा महिना, त्या दिवशी दुपारपासून दोनदा लाइन गेली होती, फिडरवर काम चालू होतं म्हणे. या कामात एकच जागा भीतीची असते, आधी जुनं फर्मवेअर पुसावं लागतं आणि मग नवं भरावं लागतं, त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या मिनिटात मशीन बंद झालं तर कार्ड बिनडोक्याचं होऊन बसतं आणि परत जिवंत करणं फार कटकटीचं असतं. म्हणून रात्री साडेनऊपर्यंत थांबलो, मशीन यूपीएसवर घेतलं, यूपीएस किती मिनिटं टिकतं ते आधी बल्ब लावून मोजलं, आणि मगच सुरू केलं. मामेभाऊ टॉर्च धरून बसला होता. कार्डाच्या मागे एक बारीक स्टिकर असतो, त्यावर सॅसचा पत्ता छापलेला, सोळा अक्षरांचा, एलएसआयच्या कार्डांवर तो ५००६०५बी नं सुरू होतो. पुसताना हा पत्ता पण जातो, आणि नंतर हातानं परत टाकावा लागतो, नाही टाकला तर कार्ड सुरू होताना तक्रार करतं. मामेभावानं मोठ्यानं वाचला, मी लिहिला, मग मी वाचला, त्यानं तपासला. बी आणि आठ मधे एकदा चुकला होता तो, टॉर्च तिरपा धरल्यावर कळलं. पेनड्राइव्हवरून यूईएफआय शेलमध्ये (विंडोज-लिनक्सशिवाय कमांड द्यायच्या पडद्यावर) गेलो, सॅसटूफ्लॅश या टूलनं कार्ड दिसतं का पाह्यलं, पुसलं, नवं भरलं, पत्ता टाकला. पडद्यावर २०.००.०७.०० आलं तेव्हा दोघांनीही श्वास सोडला. फर्मवेअरसोबत बूट रॉम भरता येतो, तो मी मुद्दाम भरला नाही, त्यामुळे मशीन लवकर उठतं. मात्र मग या कार्डावरच्या डिस्कवरून बूट होता येत नाही, म्हणून बूटची डिस्क बोर्डाच्या सॅटावर, म्हणजे साध्या डिस्कच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी अजून एक. आमच्या तीन मशीनपैकी एक सर्व्हर नव्हता, साधा वर्कस्टेशनचा बोर्ड होता, आणि त्यात कार्ड बसवलं की मशीन उठतच नव्हतं, पडदा काळा. कार्ड काढलं की ठीक. सर्व्हर कंपन्यांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या या ओईएम कार्डांचा हा जुना रोग आहे, कार्डाच्या सोनेरी कडेवर बी५ आणि बी६ नावाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातून एसएमबस नावाचा जो बारीकसारीक निरोपांचा मार्ग जातो तो काही बोर्डांना चालत नाही. त्या दोन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी पट्टी) तीन-चार मिलिमीटरचा तुकडा चिकटवला, बाजूच्या पट्टीवर जाऊ दिला नाही, कार्ड हळूच बसवलं आणि मशीन उठलं. पुढे ते मशीन मी बदललंच आणि तिन्ही एकाच मॉडेलची केली, कारण तीन वेगळ्या मशीनचे तीन वेगळे बायोस (बोर्डाचं फर्मवेअर) सांभाळणं म्हणजे तिप्पट काम आहे. एका मशीनवर काही बिघडलं तर दुसरं बाजूला उघडून ताडून पाहता येतं, हा एकसारखं घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा.

केबलचं पण लिहितो कारण यात मित्राचे पैसे गेले. कार्डाच्या एका तोंडातून चार सॅटाच्या पिना निघतात ती केबल दोन प्रकारची असते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला अगदी सारखी. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर काही जळत नाही, फक्त डिस्क दिसत नाहीत, आणि आपण कार्डालाच दोष देत बसतो.

आता डिस्क, इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण पैसे वाचवायचा मोह इथेच होतो. पहिल्यांदा मी साध्या, घरच्या कॉम्प्युटरला लावतात त्या एसएसडी लावून पाहिल्या होत्या. डब्यावर ५०० एमबी सेकंदाला लिहिलेलं, कॉपी करून पाहिलं तर तेवढं मिळतही होतं. पण त्यावर सेफ बसवलं, काट्याची व्हीएम सुरू केली आणि पावती निघायला सात-आठ सेकंद लागू लागले. कारण असं की सेफ प्रत्येक लिखाणाला डिस्ककडून पक्कं उत्तर मागतं, खरंच लिहिलं का, लाइन गेली तरी राहील का. साधी एसएसडी खरं उत्तर द्यायचं तर प्रत्येक वेळी थांबून फ्लॅशमध्ये उतरवते, म्हणून सेकंदाला काहीशे छोटी लिखाणंच होतात. सर्व्हरच्या एसएसडीत कॅपॅसिटर असतात, पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात त्याला, लाइन गेली तरी त्या कॅपॅसिटरमधल्या विजेवर हातातलं काम पूर्ण करून मगच ती झोपते, त्यामुळे ती निर्धास्तपणे लगेच हो म्हणू शकते आणि तीच छोटी लिखाणं हजारोंनी होतात. एफआयओ नावाच्या टूलनं ४ केच्या, एका वेळी एक, सिंकसहित लिखाणाची चाचणी घ्या, दोन मिनिटांत फरक डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे जिथे दिवसातून तीनदा लाइन जाते तिथे हे कॅपॅसिटर म्हणजे चैन नाहीच. शेवटी मी इंटेलच्या एस४५१० आणि सॅमसंगच्या पीएम८८३ वापरलेल्या, पण आरोग्य चांगलं असलेल्या घेतल्या, एकेका मशीनमध्ये ४८० जीबीच्या चार.

चारच का, दोन मोठ्या का नाही, हा हिशेब पण नीट समजून घ्या. तीन मशीन असतील आणि प्रत्येकावर एक प्रत ठेवायची असेल तर एखादी डिस्क मेल्यावर तिचा डेटा त्याच मशीनमधल्या उरलेल्या डिस्कवर जातो, दुसरीकडे जागाच नसते कारण तिथे आधीच एक प्रत आहे. दोनच डिस्क असतील तर उरलेल्या एकीवर दुप्पट भार येणार, आणि सेफ ८५ टक्के भरली की ओरडतं, ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबवतं. म्हणजे दोन डिस्कवाल्या मशीनमध्ये तुम्ही ४२ टक्क्यांच्या वर भरूच शकत नाही. चार असतील तर ६३ टक्क्यांपर्यंत जाता येतं. आमच्या एकूण ५.७६ टीबीतून तीन प्रतींमुळे १.९२ टीबी राहते, आणि त्यातली मी सव्वा टीबीच्या खालीच ठेवतो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग यात घ्यायचा मामांचा आग्रह होता, मी नाही म्हटलं, ते वेगळ्या साध्या डिस्कवर जातं.

वापरलेल्या डिस्क घेताना दोन आकडे न पाहता पैसे देऊ नका, किती तास चालली आहे आणि फर्मवेअर कोणतं आहे. स्मार्टसीटीएल नावाच्या टूलनं दोन्ही दिसतात. का ते ऐका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हरच्या कंपनीनं स्वतः जाहीर केलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात, डेटा पण गेला आणि डिस्क पण. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, तास मोजायच्या आकड्याची जागाच संपली म्हणायची. वर्षांत मांडलं तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. नवं फर्मवेअर, एचपीडी८, आधी टाकलं असेल तर काही होत नाही. पुढे मार्च २०२० मध्ये तसाच दुसरा प्रकार ४०,००० तासांचा निघाला. क्लस्टरमध्ये हे जास्त भयंकर, कारण आपण सगळ्या डिस्क एकाच दिवशी सुरू करतो, म्हणजे तिन्ही प्रती एकाच तासाला जाणार. तीन प्रती असल्याचा मग उपयोग काय. म्हणून मी मुद्दाम दोन कंपन्यांच्या मिसळून घेतल्या आणि त्यांचे तास पण मागेपुढे आहेत. मशीन एकसारखी आणि डिस्क मिसळून, हे ऐकायला उलटसुलट वाटतं पण कारण हे आहे.

मोठ्या साठवणीच्या कंपन्यांच्या डब्यातून निघालेल्या सॅस डिस्क फार स्वस्त मिळतात, त्यात अजून एक मेख असते. त्या ५२० बाइटच्या सेक्टरनं फॉरमॅट केलेल्या असतात, लिनक्सला डिस्क दिसते पण वापरता येत नाही. एसजी फॉरमॅट नावाच्या टूलनं ५१२ वर आणता येतात, वेळ लागतो, आणि मधे लाइन जाता कामा नये. हार्ड डिस्क घेत असाल तर एसएमआर वाली नको, ट्रॅकवर ट्रॅक चढवून लिहितात ती, डेटा परत भरायची वेळ आली की ती दमून बसते.

रॅमचं थोडक्यात. सर्व्हरची चूक दुरुस्त करणारी (ईसीसी) रॅम रजिस्टर्ड आणि अनरजिस्टर्ड अशी दोन प्रकारची, दोन्ही एकत्र चालत नाहीत, बोर्डाला कोणती लागते ते आधी पाहा. सेफ एकेका डिस्कमागे साधारण ४ जीबी धरतं, चार डिस्कचे १६ तिथेच गेले, व्हीएम वेगळ्या, म्हणून ६४ जीबी प्रत्येकी. आणि प्रोसेसर थोडे वेगवेगळ्या पिढीचे असतील तर व्हीएमला प्रोसेसरचा 'होस्ट' प्रकार देऊ नका, एक्स८६-६४-व्ही२-एईएस द्या, नाहीतर चालती व्हीएम इकडून तिकडे नेताना आडवी पडते.

नेटवर्कला १० गिगचा (सेकंदाला १० गिगाबिट) स्विच घ्यायचा खर्च आम्ही वाचवला. तीनच मशीन आहेत, प्रत्येकात दोन तोंडांचं एसएफपी प्लस, म्हणजे १० गिगचं, नेटवर्क कार्ड, प्रत्येकाची एकेक तार उरलेल्या दोघांना सरळ. इंटेलचं एक्स५२० घेतलं आणि तिथे पुन्हा तेच, तार बसली पण लिंक नाही, कारण ते कार्ड तारेच्या टोकातल्या मॉड्यूलची ओळख तपासतं आणि नावडती असेल तर ड्रायव्हर नकार देतो. ड्रायव्हरला अलाउ अनसपोर्टेड एसएफपी हा पर्याय १ करून दिला की घेतो, पण नंतर मी सरळ जुळणाऱ्या ताराच आणल्या. मशीन एकमेकांना जिवंत आहेस का विचारतात ते कोरोसिंक मात्र वेगळ्या साध्या १ गिगच्या तारेवर ठेवलं आहे, डेटाच्या गर्दीत ते अडकलं तर चांगलं मशीनही मेलं समजून बाहेर काढलं जातं.

एक गोष्ट कोणत्याच यादीत मिळाली नाही. काट्याचं इंडिकेटर वजन देतं ते आरएस-२३२ च्या सिरियल तारेनं. ती तार एका मशीनला लावली की काट्याची व्हीएम त्या मशीनला खुंट्याला बांधल्यासारखी, बाकी दोन मशीन असून नसून सारखी. आधी हे डोक्यातच आलं नव्हतं. मग सिरियलचं नेटवर्क करणारा छोटा डबा लावला, आता वजन नेटवर्कवर येतं आणि व्हीएम कुठेही असली तरी तिला मिळतं. तुमच्याकडे यूएसबी डोंगल असेल, पावतीचा प्रिंटर असेल, आधी ते मोजा. क्लस्टर घेण्याआधी आवारात एकदा फिरून कोणती तार कुठे जाते ते कागदावर काढा.

ऊन. मे महिन्यात आमच्याकडे ४५-४६ जातं आणि ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत, साध्या डब्यात घातली तर हीटसिंकला बोट लावता येत नाही. प्रत्येक कार्डावर ४० मिलिमीटरचा पंखा बांधला आहे. त्याहून वाईट म्हणजे रुईचे तंतू. हवेत दिसतही नाहीत, पण महिनाभरात हीटसिंकच्या पात्यांमधे पांढरी गादी तयार होते, मी चिमट्यानं काढली आहे ती. म्हणून खोली जिनच्या बाजूची नाही, मागच्या अंगाची, दाराला जाळी आणि पंख्यासमोर धुता येणारा स्पंज, सीझनमध्ये दर रविवारी धुवायचा.

आणि लाइन. घरचं इन्व्हर्टर लावून काम भागेल असं मामांना वाटत होतं. मशीनचा पॉवर सप्लाय लाइन गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो, इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला त्याहून जास्त वेळ लागतो आणि तिन्ही मशीन एकदम बसतात. प्युअर साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस घेतला, नट नावाच्या सॉफ्टवेअरला जोडला, बॅटरी उतरली की व्हीएम आधी आणि मशीन नंतर बंद होतात. अर्थिंगही नव्यानं केलं, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, एप्रिलपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकावं लागतं.

सीझनच्या आधी चाचणी घेतली. मामांनाच म्हटलं, तीनपैकी कोणत्याही एकाची वायर ओढा. त्यांचा हात काही पुढे जाईना. "चालू मशीनची वायर ओढू का? काही झालं तं?" म्हटलं व्हायचं ते आत्ता होऊ द्या, नोव्हेंबरात नको. मग त्यांनी ओढली, नेमकी काट्याची व्हीएम ज्यावर होती तीच. काट्याचा पडदा थिजला. कोणी काही बोललं नाही, मुनीमजी घड्याळाकडे पाहत होते. तिसऱ्या मिनिटाला विंडोज परत उठलं, मामेभावानं रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन घेतलं, पावती निघाली. मामांनी ती पावती घडी करून खिशात ठेवली.

मुनीमजींनी त्यांच्या लाल वहीत तिन्ही मशीनचं एकेक पान उघडलं आहे. कार्ड, त्याचं फर्मवेअर, सॅसचा पत्ता, डिस्कचे नंबर, तास, बायोसची तारीख, सगळं मी सांगतो आणि ते त्यांच्या मोडीसारख्या वळणदार अक्षरात उतरवतात. चौथं कार्ड त्याच २०.००.०७.०० वर फ्लॅश करून प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात ठेवलं आहे, चिठ्ठी लावून. दसऱ्याच्या आधी एक अपडेट घ्यायचं आहे, एका वेळी एकच मशीन, सेफला आधी नोआउट लावून (म्हणजे मशीन थोडा वेळ बंद दिसलं तरी डेटा हलवू नको असं सांगून), आणि पहिलं मशीन एक रात्र नीट चाललं की मगच दुसरं. कृषी केंद्रवाल्या भाऊंना मी त्या रविवारी बोलावलं आहे, त्यांनी त्यांची कार्डं घेऊन यावं, टॉर्च इथे आहे.